कोल्हापुरात हाताने काढलेलं पोर्ट्रेट हवं असेल तर... (पासिओनारियाच्या चित्राचा आमचा अनुभव)

आधीच सांगते, पाचपैकी साडेचार. अर्धा कापलाय तो उशिराबद्दल, चित्राबद्दल नाही. आणि रिव्ह्यू लांबणार आहे, कारण चित्र ज्या बाईचं आहे तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय पेंटरकाकांनी नेमकं काय करून दिलं ते कळणारच नाही.

आमची घरकाम करणाऱ्या बायकांची संघटना आहे, धुणी-भांडी-स्वयंपाक करणाऱ्या साठ-सत्तर जणी. यंदा ८ मार्चच्या कार्यक्रमाला स्टेजवर सावित्रीबाईंच्या फोटोशेजारी दोलोरेस इबारुरीचं चित्र लावायचं ठरलं. स्पेनच्या कम्युनिस्ट पक्षाची पुढारी, जग तिला ला पासिओनारिया म्हणून ओळखतं. हीच का, तर तरुणपणी तीसुद्धा लोकांच्या घरी मोलकरीण होती, आणि पुढं तिनंच देशाची पार्लमेंट गाजवली. एवढं मीटिंगमध्ये सांगितल्यावर आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, मग हिचाच फोटो लावा की, आनि काय पायजे.

पहिल्यांदा एका फ्लेक्सवाल्याकडं गेलो. नाव लिहीत नाही. त्यानं मोबाईलवरनंच फोटो उचलला, गाल गुलाबी केले, कपाळावरच्या आठ्या पुसल्या, डोळ्याखालचं काळं काढलं आणि अंगातला काळा ड्रेस मरून केला, का तर म्हणे कार्यक्रमाला काळं बरं दिसत नाही. नावाचा तर पारच घोळ. आठशे रुपये गेले आणि समोर आली ती कुठल्यातरी साबणाच्या जाहिरातीतली बाई. मला खरंच रडू आलं, कारण या बाईच्या तोंडावरच्या त्या आठ्या फुकट आलेल्या नव्हत्या.

मग ओळखीच्या एकाने मंगळवार पेठेतल्या या पेंटरकाकांचं सांगितलं. बोळात आहे, पाटी नाही, रिक्षा तोंडापर्यंतच जाते, पुढं चालत जायचं आणि टर्पेंटाईनचा वास आला की डावीकडं बघायचं. आधी सिनेमाची बॅनरं आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचे, फ्लेक्स आल्यावर ते काम गेलं, आता पोर्ट्रेट करतात. कुणाचे वारलेले आजोबा, मंडळांना शाहू महाराज, तालमींना पैलवान. बाबूराव पेंटर आणि आबालाल रहमान यांचं गाव आपलं, हातानं चित्र काढणारे अजून आहेत हीच मोठी गोष्ट, आपणच तिकडं जायचं सोडलंय. भिंतीला एका पैलवानाचं अर्धवट चित्र टेकवलेलं होतं आणि काका फक्त त्याचा कान करत बसले होते, तासभर. मला म्हणाले, "कान मोडलेला दिसला न्हाई तर ह्यानं लाल मातीत वीस वर्सं काढली हे कसं कळायचं?" तिथंच माझं ठरलं.

मी सोबत तीन प्रिंट नेल्या होत्या. काकांनी चष्मा पुसला, तिन्ही शेजारी शेजारी मांडल्या आणि पहिलाच प्रश्न, "कुठल्या सालची काढायची?"

मी म्हटलं, काका, चेहरा तर एकच आहे. तर म्हणाले, "चेहरा एक नसतोय गं. काय काय झालतं तवर, त्ये सांग." मग मी खाली पोत्यावर बसले आणि सांगायला लागले, आणि दोन तास कसे गेले कळलं नाही.

जन्म ९ डिसेंबर १८९५, उत्तर स्पेनमधल्या बास्क मुलखात, गायार्ता नावाच्या खाणीच्या गावात. लोखंडाच्या खाणी, सगळं घर खाणीवर जगणारं. अकरा भावंडांतली ही आठवी. मास्तरीण व्हायचं होतं, डोकंही होतं, पण घरची परिस्थिती नव्हती म्हणून पंधराव्या वर्षी शाळा सुटली, मग शिवणकाम, मग लोकांच्या घरी मोलकरीण. १९१६ मध्ये हुलियान रुईझ या खाण कामगाराशी लग्न केलं, तो चळवळीतला, संपात पुढं असणारा, म्हणजे घरी पगार कमी आणि जेल जास्त. सहा मुलं झाली. १९२३ ला तिळ्या मुली झाल्या, त्यातली एकटी अमाया जगली. एकूण चार मुली लहानपणीच गेल्या. उरली दोघं, मुलगा रुबेन आणि ही अमाया.

काका म्हणाले, "चार?" मी म्हटलं हो, चार. ते मग काही बोलले नाहीत, पेन्सिलला टोक करत बसले.

नावाची गोष्ट मात्र त्यांना फार आवडली. १९१८ मध्ये तिनं खाण कामगारांच्या पेपरात पहिला लेख लिहिला तो टोपणनावानं, पासिओनारिया. ते दिवस ख्रिश्चनांच्या होली वीकचे, येशूच्या यातनांची आठवण काढायचे. आणि पासिओनारिया हे एका वेलीच्या फुलाचं नाव, म्हणजे आपलं कृष्णकमळ! हे ऐकल्यावर काका ताडकन उठले, मागच्या परसात गेले आणि मला हाक मारली. त्यांच्याकडं पत्र्यावर कृष्णकमळाचा वेल चढलाय. आपल्याकडं लहानपणी शिकवतात ना, की भोवतीचे जांभळे धागे म्हणजे शंभर कौरव, मधले पाच पांडव, वरचे तीन म्हणजे ब्रह्मा विष्णू महेश. मी सांगितलं की तिकडचे लोक त्याच फुलात काट्यांचा मुकुट बघतात, पाच जखमा बघतात आणि वरच्या तिनात येशूला ठोकलेले तीन खिळे. काका कितीतरी वेळ ते फूल बोटात धरून उभे होते.

पुढचं थोडं भरभर सांगते. स्पॅनिश कम्युनिस्ट पक्ष उभा राहिला तेव्हापासून, म्हणजे १९२० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ही पक्षात. १९३० मध्ये केंद्रीय समितीवर, १९३१ मध्ये माद्रिदला पक्षाच्या पेपरचं काम करायला गेली. जेलच्या वाऱ्या सुरूच. १९३४ मध्ये आस्तुरियासच्या खाण कामगारांनी उठाव केला, तो सैन्य घालून चिरडला, हजारो आत, घरात पोरं उपाशी, तर ही तिकडं गेली आणि शंभरावर पोरांना तिथून बाहेर काढायच्या कामाला लागली, त्यापायीसुद्धा अटक. आणि स्वतःची दोन पोरं? ती १९३५ मध्ये रशियाला पाठवून दिली, कारण आईचा एक पाय कायम जेलमध्ये. फेब्रुवारी १९३६ च्या निवडणुकीत त्याच आस्तुरियासमधून खासदार झाली, आणि निवडून आल्या आल्या ओविएदोच्या जेलच्या दारात जाऊन उभी राहिली, राजकीय कैदी बाहेर येईपर्यंत हलली नाही.

मग जुलै १९३६. फ्रँको आणि बाकीच्या जनरलांनी लोकांनी निवडलेल्या सरकारविरुद्ध बंड केलं. १९ जुलैला ही रेडिओवर बोलली आणि शेवटी दोन शब्द म्हणाली, नो पासारान. त्यांना आत येऊ देणार नाही. पहिल्या महायुद्धात व्हेर्दूनला फ्रेंच सैनिकही असंच म्हणायचे, पण जगाच्या लक्षात राहिलं ते हिच्या आवाजात. माद्रिद खरंच अडीच वर्षांवर टिकलं, १९३९ च्या मार्च अखेरपर्यंत.

हे सांगताना मला आपलं कोल्हापूर आठवत होतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये सकाळी फिरून येताना कॉम्रेड पानसरेंना गोळ्या घातल्या, त्यानंतर रस्त्यावर आम्ही काय ओरडत होतो, आम्ही सारे पानसरे. दोन-तीन शब्दच असतात, पण माणसाला उभं राहायला पुरतात. काकांनीपण तेव्हा एक मोठा बोर्ड रंगवून दिला होता म्हणे, पैसे न घेता. हे त्यांनी स्वतः नाही सांगितलं, शेजारच्या चहावाल्यानं सांगितलं.

काकांनी विचारलं, आपल्याकडच्या कुणाचा संबंध आला का तिकडं. आला ना. नेहरू जून १९३८ मध्ये बार्सिलोनाला जाऊन आले, कृष्ण मेनन सोबत होते, शहरावर बॉम्ब पडत असतानाचे ते दिवस. आणि डॉ. अटल म्हणून आपले एक डॉक्टर स्पेनमध्ये जखमींवर उपचार करायला होते, तेच त्या वर्षी चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकाचे प्रमुख, ज्या पथकात आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस होते. कोटणीसांचं नाव ऐकल्यावर काका म्हणाले, "मग ही तर आपल्याच घरातली निघाली."

जगभरातून पन्नासेक देशांचे पस्तीस हजारांच्या आसपास लोक स्पेनच्या सरकारच्या बाजूनं फ्रँकोविरुद्ध लढायला गेले होते, इंटरनॅशनल ब्रिगेड म्हणतात त्यांना. १९३८ च्या शेवटी सरकारने त्यांना परत पाठवायचं ठरवलं तेव्हा बार्सिलोनात निरोपाला हिचंच भाषण. तुम्ही अभिमानानं जा, तुम्ही इतिहास आहात, तुम्ही दंतकथा आहात, असं म्हणाली ती. ब्रिटनमधून गेलेल्यांच्या आठवणीसाठी ग्लासगोला क्लाइड नदीच्या काठी जो पुतळा उभा केलाय तो पण हिचाच, दोन्ही हात वर केलेला. तो फोटो मी काकांना मोबाईलवर दाखवला. हात बघून म्हणाले, "आपल्याला हात नको, आपुन डोळं करू."

फ्रँको जिंकला, आणि मार्च १९३९ ला हिनं विमानानं देश सोडला. मग मॉस्को. १९४२ मध्ये पक्षाचे सरचिटणीस होसे दियास गेले आणि जबाबदारी हिच्याकडं आली, १९६० पर्यंत ती सरचिटणीस, त्यानंतर सान्तियागो कारियो सरचिटणीस आणि ही मरेपर्यंत पक्षाची अध्यक्ष. पण तेच १९४२ साल, सप्टेंबर महिना, स्टालिनग्राडच्या लढाईत रुबेन मारला गेला. बावीस वर्षांचा होता. सहातली पाच गेली. उरली अमाया.

आता इथं एक गोष्ट आहे जी मी काकांपासून लपवली नाही आणि इथंही लपवणार नाही. ही बाई स्टालिनच्या बाजूची होती, निष्ठेनं. स्पेनमध्येच १९३७ मध्ये आंद्रेउ निन या डाव्या पुढाऱ्याला सोव्हिएत हेरांनी पळवून मारलं आणि कम्युनिस्ट पक्ष त्याच्या लोकांना फॅसिस्टांचे हस्तक म्हणत राहिला, हीसुद्धा तेच म्हणत होती. ते चूक होतं, साधीसुधी नाही, माणसांचे जीव गेले त्यात. १९६८ मध्ये रशियानं चेकोस्लोव्हाकियात रणगाडे घातले तेव्हा मात्र तिनं आणि पक्षानं उघड विरोध केला, राहत मॉस्कोत असून, तेव्हा ती सत्तरी ओलांडलेली. मला दोन्ही माहीत आहे आणि तरी मी तिचं चित्र लावते, कारण घरकाम करणाऱ्या बाईला ती एक गोष्ट दाखवते जी दुसरं कुणी दाखवत नाही. काका यावर म्हणाले, "सावली न्हाई काढली तर नाक कुठनं दिसणार?" हे त्यांनी चित्राच्या भाषेत म्हटलं की आणखी कशाच्या माहीत नाही, पण मला पटलं.

परत आली ती अडतीस वर्षांनी. फ्रँको नोव्हेंबर १९७५ मध्ये मेला, एप्रिल १९७७ मध्ये पक्षावरची बंदी उठली आणि १३ मे १९७७ ला ही माद्रिदला उतरली, वय एक्क्याऐंशी. महिन्याभरात निवडणूक, पुन्हा आस्तुरियासमधून उभी आणि पुन्हा निवडून! १९३६ ला ज्या भागाने पाठवलं त्यानंच एक्केचाळीस वर्षांनी परत पाठवलं. नव्या पार्लमेंटच्या पहिल्या दिवशी ती कवी राफाएल आल्बेर्तीचा हात धरून सभागृहात जिना उतरत येतेय असा फोटो आहे, पांढरे केस, अंगात काळंच. माझी तिसरी प्रिंट तीच होती. गेली १२ नोव्हेंबर १९८९ ला, त्र्याण्णव वर्षांची होऊन. बर्लिनची भिंत उघडली त्याला तीनच दिवस झालेले.

सगळं ऐकून काकांनी तीन प्रिंटांतली १९३६ ची उचलली. म्हणाले, "हिच्यात चार गेल्यात, दोन लांब हायती, आनि पोरगा अजून जित्ता हाय. ही काढतो." मी तयार होते म्हातारीच्या फोटोला, ती दिसते पण छान. पण त्यांनी जे म्हटलं त्यानंतर दुसरं काही बोलायला जागाच नव्हती.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल, ज्यांना ऑर्डर द्यायची त्यांच्यासाठी. साईझ दोन बाय तीन फूट, कॅनव्हासवर ऑइल पेंट, साडेचार हजार, निम्मे ॲडव्हान्स. फ्रेम वेगळी. तारीख दिली होती १ मार्च, मिळालं ७ मार्चला संध्याकाळी सात वाजता, म्हणजे कार्यक्रमाच्या आदल्या रात्री, आमचा जीव टांगणीला. फोन उचलत नाहीत, रंगाचे हात असतात, मेसेज बघत नाहीत, प्रत्यक्षच जावं लागतं. मी पाच चकरा मारल्या. तेवढा अर्धा स्टार.

पण त्या चकरांत मी जे बघितलं ते सांगते. काळा रंग ते ट्यूबमधनं थेट लावत नाहीत. ती आयुष्यभर काळ्यात वावरलेली बाई, म्हणजे अर्धा कॅनव्हास काळाच. काका निळा आणि तपकिरी घोटून घोटून काळा करतात, खांद्यापाशी निळा जास्त, गळ्यापाशी तपकिरी जास्त, म्हणतात ट्यूबमधला काळा मेलेला असतो, त्यात माणूस श्वास घेत नाही. चौथ्या चकरेला चेहरा पूर्ण होता आणि डोळे फक्त रेघेत, रिकामे. मी विचारलं डोळे कधी, तर म्हणाले सकाळच्या उजेडात, संध्याकाळी डोळं करत न्हाई. आणि झाले तेव्हा, कसं सांगू, डावा डोळा आपल्याकडं बघतोय आणि उजवा थोडासा पलीकडं, दाराकडं, कुणीतरी यायचं राहिलंय असा. फोटोत ते नाहीये. मी प्रिंट शेजारी धरून बघितलं, नाहीये. ओठ मात्र घट्ट, भाषण सुरू करायच्या आधीचे. कपाळावरच्या आठ्या सगळ्या जिथल्या तिथं. केस मागं चापून बांधलेले, कानात छोटं कानातलं, त्यावर पांढऱ्याचा एकच ठिपका.

आणि खाली उजव्या कोपऱ्यात, मी न सांगता, न विचारता, एक कृष्णकमळ. त्यांच्या परसातलं. धागे मोजून काढलेत असं वाटतं. त्याचे जादा पैसे घेतले नाहीत, म्हटलं द्यायला तर म्हणाले ते माझ्याकडनं तिला.

नावसुद्धा ब्रशनं लिहून घेतलं, देवनागरीत. लिहायच्या आधी मला चार वेळा म्हणायला लावलं, दोलोरेस, दोलोरेस, इबारुरी, आणि मग एका दमात रेघ मारली, खाली पट्टी नाही की काही नाही. जुन्या पाट्या रंगवणाऱ्याचं अक्षर काय असतं ते बघायला तरी जा.

न्यायची अडचण मात्र लक्षात ठेवा. ऑइल पेंट लवकर वाळत नाही, आमचं तर ओलंच होतं. रिक्षात मी आणि आणखी एक ताई, दोघींनी दोन बाजूंनी कडा धरून दसरा चौकापर्यंत आणलं, खड्डा आला की रिक्षावाले दादा स्वतःच स्लो करायचे आणि मागं वळून म्हणायचे, बरोबर हाय न्हवं? तरी माझ्या पदराला काठाशी काळा डाग लागलाच. तो मी काढलेला नाही, काढणारही नाही. मोठं चित्र असेल तर निदान तीन आठवडे आधी ऑर्डर द्या आणि वाळायला आठ दिवस वेगळे धरा.

कार्यक्रमात शाहू स्मारकला स्टेजवर सावित्रीबाई आणि शेजारी ही. आमच्या बायका कार्यक्रम संपल्यावर रांगेनं जवळ जाऊन बघत होत्या, ओलं आहे हात लावू नका असं मी सारखं सांगत होते. ज्या मावशींनी हिचाच फोटो लावा म्हटलं होतं त्या सगळ्यात शेवटी गेल्या. त्यांची दोन लेकरं गेलीत, मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, चार मुलींचं तर नाहीच, भाषणात पण तो भाग मी गाळला होता. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, हिची लेकरं गेलीत का गं?

त्या रात्री मी काकांना फोन केला, आणि नेमका त्यांनी उचलला. सांगितलं. ते म्हणाले, "बरं," आणि मग म्हणाले, वार्निश आत्ता मारू नका, सहा महिने रंग आतनं वाळू दे, भिंतीला ऊन लागेल अशा जागी टांगू नका, उदबत्ती खाली लावू नका, धूर बसतो. सप्टेंबरात मी स्वतः येऊन वार्निश मारून जातो, पैसे नकोत. सध्या चित्र आमच्या ऑफिसात दारासमोरच्या भिंतीवर आहे, उन्हापासून लांब, ज्यांना ऑर्डर देण्याआधी काम बघायचंय त्यांनी संध्याकाळी सहानंतर येऊन बघून जा.